शिदोरी कोणाच्या खांद्यावर?

पायी दूरवर जाणाऱ्या माणसाने काय खावे, या प्रश्नाचा ऊहापोह आजकाल जिथून सुरू होतो ती जागाच चुकीची आहे, असे माझे मत आहे. गिर्यारोहणाच्या संस्था मोहिमेपूर्वी सूचनापत्रके वाटतात, आहारतज्ज्ञ नियतकालिकांतून सदरे लिहितात, दुकानांतून चकचकीत वेष्टनांतल्या वड्या आणि चूर्णे मांडलेली असतात. आणि या सर्वांचा आरंभ प्रथिने किती, पिष्टमय पदार्थ किती व स्निग्ध पदार्थ किती, या त्रैराशिकापासून होतो. हे त्रैराशिक खोटे नव्हे. परंतु घरी, जिथे कोठी चार पावलांवर असते आणि पाणी नळाला येते, तिथे मांडलेला हिशेब जसाच्या तसा उचलून डोंगरवाटेवर नेला की त्यातून एक मोठी रक्कम गळते, आणि ती रक्कम म्हणजे वजन. चालणाऱ्याचे अन्न कोणाच्या तरी खांद्यावरून चालत असते. तो खांदा कोणाचा, हे ठरल्यावाचून त्याच्या ताटात काय पडावे हे ठरवता येत नाही. किंबहुना पायी चालणाऱ्यांच्या आहाराचे आजवर जे प्रकार झाले, त्यांतले बहुतेक आहारशास्त्राने घडवलेले नसून भारवाहनाच्या व्यवस्थेने घडवलेले आहेत, असे थोडा शोध घेता दिसून येते.

हिशेब एकदा मांडूनच पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक पुरतात. तोच कष्टाचे अंगमेहनतीचे काम करू लागला की ही गरज ३४७० वर जाते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १६६० आणि २७२० असे आहेत. पाठीवर दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन सात-आठ तास चढउताराची वाट तुडवणारा माणूस या कष्टाच्या पायरीच्याही वर चढतो, आणि त्यात थंडीची भर पडली म्हणजे चार हजारांचा आकडा त्याला नवलाचा राहत नाही. आता हे चार हजार उष्मांक नुसत्या कोरड्या धान्यातून मिळवायचे म्हटले तर रोज अकराशे ग्रॅमांहून अधिक तांदूळ किंवा पीठ लागेल, म्हणजे दहा दिवसांच्या वाटेला अकरा-साडेअकरा किलो, आणि इंधन व भांडी निराळीच. शेंगदाणे आणि गूळ निम्मेनिम्मे घेतले तर आठशे-नऊशे ग्रॅमांत काम भागते. आणि तुपाचे, केवळ हिशेबापुरते बोलायचे तर, साडेचारशे ग्रॅम पुरे होतात, कारण एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन जिथे ४ उष्मांक देते तिथे एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ देतो. अर्थात तूप पिऊन कोणी डोंगर चढत नाही. स्निग्ध पदार्थ सावकाश पचतो, आणि खड्या चढावर स्नायूंना तातडीने साखरच लागते. यकृत व स्नायू मिळून या साखरेचा जो साठा शरीरात असतो तो चारशे-पाचशे ग्रॅमांच्या पलीकडे जात नाही, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या जोरकस चढणीत तो संपुष्टात येऊ शकतो. म्हणून सकाळी भरपेट खाऊन संध्याकाळी पुन्हा भरपेट खाण्यापेक्षा दर तासाला चार खजूर, चिक्कीचा तुकडा, मूठभर फुटाणे असे तोंडात पडत राहिलेले बरे. भूक लागल्यावर खायचे हा घरचा नियम वाटेवर उशिराचा ठरतो.

वजनाचा हा मुद्दा मनावर न घेणाऱ्याची फसगत मोठी मासलेवाईक असते. तेल कमी, मीठ कमी, साखर कमी ही त्रिसूत्री शहरातल्या सुशिक्षितांच्या मनावर गेल्या काही दशकांत पक्की बिंबली आहे, आणि शहरापुरती ती योग्यही आहे. खुर्चीवर बसणाऱ्या देहाला तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण हाच गृहस्थ चार दिवसांच्या पदभ्रमणाला निघताना तीच त्रिसूत्री सॅकमध्ये भरतो: काकड्या, सफरचंदे, मोड आलेले मूग, बिनसाखरेची बिस्किटे. एक किलो काकडी वाहून नेली तर जेमतेम दीडशे उष्मांक हाती लागतात. ती वाहताना जी शक्ती खर्च झाली तिचा जमाखर्च कोणी मांडावा? दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे पाय जड होतात, आणि आपली तयारी कमी पडली अशी समजूत करून घेऊन तो परततो. मिठाचेही तेच. एक लिटर घामाबरोबर सुमारे दोन ते तीन ग्रॅम मीठ निघून जाते. वैशाखातल्या सह्याद्रीत दिवसाला चार-पाच लिटर घाम सहज जातो. अशा वेळी मीठ न घेता नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातले क्षार पातळ होतात, डोके दुखू लागते, मळमळते, बुद्धीला भ्रम पडतो, आणि ही लक्षणे पाणी कमी पडल्याचीच आहेत असे समजून तो मनुष्य आणखी पाणी पितो. आमच्याकडे उन्हातून आलेल्यास मीठ घातलेले ताक, कोकमाचे सरबत किंवा पन्हे देत असत, त्यामागे कोणी प्रयोगशाळा नव्हती. पण १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या हजारो रोग्यांना वाचवले, त्यामागचे तत्त्व आणि या पेल्यामागचे तत्त्व फारसे निराळे नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे वाचून मीठ फस्त करावे असा मात्र अर्थ कोणी काढू नये.

प्रथिनांविषयी जो गवगवा आज चालतो त्याबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. लांबवर चालणाऱ्याला प्रथिने नेहमीपेक्षा काहीशी अधिक लागतात हे खरे. परंतु एकूण उष्मांकच अपुरे असले तर ही महागडी प्रथिने स्नायूंच्या डागडुजीला न लागता सरपण म्हणून जळून जातात, जसे लाकूडफाटा संपलेल्या घरात चुलीत दाराच्या फळ्या घालाव्यात. डबाभर चूर्ण पाठीवर घेऊन अर्धपोटी चालणारा तरुण नेमके हेच करीत असतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमांस पंचवीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात, वर भरपूर तेल असते आणि त्याला शिजवावे लागत नाही. लोणावळ्याची चिक्की ही वाटेवरच्या अन्नाची जितकी उत्तम वडी आहे, तितकी परदेशी वेष्टनातली क्वचितच असेल. पण ती स्वस्त असल्यामुळे तिला प्रतिष्ठा नाही.

वजनाचा आणि भुकेचा हिशेब किंचित चुकला तर काय घडते, याचे जगाच्या इतिहासातले सर्वांत हृदयद्रावक उदाहरण कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचे आहे. स्कॉट निष्काळजी नव्हता. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात त्याने विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या तिघांना केप क्रोझिअरच्या सफरीवर पाठवले तेव्हा एकाला लोणी जास्त, दुसऱ्याला पेमिकन जास्त, तिसऱ्याला बिस्किटे जास्त असा शिधा बांधून देऊन कोणते प्रमाण चांगले याची परीक्षा घेतली, आणि तिच्या अनुभवावरून शेवटच्या टप्प्याचा शिधा मुक्रर केला: माणशी रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, थोडे लोणी, साखर, कोको आणि चहा. पेमिकन म्हणजे वाळवलेले मांस कुटून चरबीत कालवलेले खाद्य. उत्तर अमेरिकेतल्या क्री वगैरे आदिवासींची ही युक्ती युरोपीय प्रवाशांनी उचलली होती. एकूण सुमारे एक किलो वजनात साडेचार हजार उष्मांक, म्हणजे वजनाच्या दृष्टीने हा शिधा उत्तमच म्हटला पाहिजे. चूक निराळीच होती. शेवटच्या टप्प्यात ढकलगाडी ओढण्यास कुत्री नव्हती, घोडी नव्हती. माणसेच स्वतःला जुंपून घेऊन गाडी ओढत होती, आणि अशा ओढणाऱ्या देहाला त्या थंडीत सहा हजारांहून अधिक उष्मांक लागतात. रोजची ही तूट महिनोन्महिने साचत गेली. शिवाय शिधा सर्वांना सारखा होता. पाच जणांत सर्वांत धिप्पाड असलेला एडगर इव्हान्स १७ फेब्रुवारी १९१२ रोजी सर्वांआधी गेला, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. त्या शिध्यात जीवनसत्त्व ‘क’ नव्हते. पण त्याचा दोष स्कॉटला कसा द्यावा, कारण ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञाच फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ साली रूढ केली.

त्याच मोसमात अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचून सुखरूप परतला. त्याचा शिधा काही अलौकिक नव्हता. त्याची गाडी कुत्र्यांनी ओढली, आणि वाटेत ठरल्याप्रमाणे काही कुत्री मारून त्यांचे ताजे मांस माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले; म्हणजे भार वाहणाराच अखेरीस अन्न झाला. हा हिशेब निर्दय आहे खरा, आणि स्कॉटच्या मनाला तो रुचला नसता. पण तो हिशेब होता. स्कॉटच्या तंबूशेजारी गाडीवर सुमारे सोळा किलो दगडांचे नमुने मिळाले, जे त्या उपाशी माणसांनी विज्ञानाच्या निष्ठेने शेवटपर्यंत ओढले होते, आणि पुढचा अन्नसाठा अवघ्या अठरा किलोमीटरांवर होता. यानंतर ऐंशी वर्षांनी, १९९२-९३ साली, रॅनल्फ फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड या दोघांनी आधुनिक विज्ञानाच्या साह्याने आखलेला, रोज पाच हजारांहून अधिक उष्मांकांचा शिधा स्वतःच ओढत दक्षिण ध्रुवाचा तो खंड पालथा घातला, तरी प्रत्येकाचे वजन वीस किलोंहून अधिक घटले. शास्त्र ऐंशी वर्षांत पुढे गेले; पण स्वतःचे सगळे अन्न स्वतःच ओढणाऱ्या माणसाची तूट त्यामुळे भरून निघाली नाही.

ही तूट प्रथम पायांत दिसत नाही, स्वभावात दिसते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्याकडून आठवड्याला सुमारे पस्तीस किलोमीटर चालवून घेतले. त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले, ही गोष्ट अपेक्षितच होती. पण ती माणसे चिडखोर झाली, एकमेकांपासून तुटली, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली, हे अधिक बोलके आहे. दीर्घ मोहिमांतून मित्र परत येतात ते पुष्कळदा अबोला धरूनच येतात, आणि त्याची कारणे आपण माणसांच्या स्वभावदोषांत शोधतो. त्यांतली निम्मी तरी शिध्याच्या पिशवीत सापडतील.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आमचे मावळे कनवटीची मूठभर चणे-फुटाण्यांची पुरचुंडी घेऊन डोंगर पालथे घालीत, त्यांना कुठले उष्मांक ठाऊक होते? हा आक्षेप ऐकायला गोड आहे, आणि अभिमानाच्या भरात तो कोणी तपासत नाही. मूठभर चण्यांवर एक रात्र, फार तर दोन दिवस निघतात. त्यापुढची मोहीम रसदेवर चालते, आणि हे मराठी मुत्सद्द्यांना पक्के ठाऊक होते. फौजेबरोबर धान्याच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे घेऊन लमाण चालत असत. गडागडांवर धान्याच्या कोठारांची आणि पाण्याच्या टाक्यांची तजवीज होती. आणि आज्ञापत्रात गड बांधताना पाण्याची सोय आधी पाहावी अशी स्पष्ट ताकीद आहे. ज्या वेळी ही व्यवस्था तुटली त्या वेळी काय झाले हे सांगायला पानिपताचे नाव पुरे. १७६० च्या डिसेंबरात रसदेचा भार ज्याच्यावर होता तो गोविंदपंत बुंदेले मारला गेला, छावणीचे सर्व रस्ते बंद पडले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य रणात उतरले ते उपाशी सैन्य होते. मूठभर चण्यांची कथा सांगणारे या दिवसाचा दाखला घेत नाहीत.

आता आपल्याच मुलखात आजही दरसाल चालणाऱ्या एका दीर्घ पदयात्रेकडे वळू. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरास पोचणारी ज्ञानोबारायांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालते, आणि तिच्याबरोबर जे लाखो लोक चालतात त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष पुष्कळ असतात. गिर्यारोहणाच्या सूचनापत्रकांप्रमाणे पाहिले तर यांतल्या बहुतेकांना चालण्याची परवानगीच मिळणार नाही. मग ही माणसे पोचतात कशी? भक्ती हे उत्तर आहेच. पण त्याच्या शेजारी दुसरे एक उत्तर आहे, आणि ते दिंडीच्या ट्रकमध्ये भरलेले असते. दिंडीकरी भिशी भरतो. त्या पैशातून धान्य, तेल, मसाला भरला जातो. राहुट्या आणि भांडी घेऊन ट्रक पुढे जातो. स्वयंपाकी मंडळी आधी पोचून चुली पेटवतात. आणि वारकरी पहाटे निघतो तेव्हा त्याच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ असतात, शिधा नसतो. म्हणूनच त्याला वाटेत डाळ, भात, पोळी, भाजी असे सकस, ओले, ताजे अन्न दोन वेळा मिळू शकते. ओले अन्न म्हणजे जड अन्न. ते चाकांवरून येते म्हणून पानावर येते. विसाव्यांच्या ठिकाणी न्याहारी, दुपारचे जेवण, वाटेवरच्या गावांकडून मिळणारी केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा असे दिवसभर काहीतरी पोटात पडत असते, आणि दर तासाला थोडे खावे हा जो नियम आहारतज्ज्ञ आज सांगतात तो गावोगावच्या यजमानांनी न सांगताच पाळलेला असतो. तुकोबारायांच्या पालखीला यवतला पिठलं-भाकरीचे जेवण होते. डाळीचे पीठ आणि ज्वारी, बाजरी यांची ही सांगड कोणत्याही पोषणशास्त्रज्ञाने मान्य करावी अशी आहे.

गंमत अशी की माउलींच्या वाटेवरचा सर्वांत कष्टाचा दिवस, म्हणजे पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठण्याचा, हा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. तीस किलोमीटरांच्या आसपास मजल, त्यात घाट, आणि वर उपवास! परंतु त्या दिवशी जे खाल्ले जाते त्याकडे नीट पाहावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तत्काळ साखर पुरवणारे. त्यात शेंगदाण्याचे कूट म्हणजे तेल आणि प्रथिने. वर तूप, बटाटा, केळी. घाट चढणाऱ्यासाठी मुद्दाम आखलेले अन्न याहून फार निराळे झाले नसते. हाच पदार्थ घरी बसून उपवासाच्या नावाखाली खाणाऱ्याला मात्र त्याच्या डॉक्टरांनी दोन शब्द सुनवावेत.

याचा अर्थ वारीची आहारव्यवस्था निर्दोष आहे असा नव्हे. उघड्यावर ठेवलेले अन्न आणि पाणी यांमुळे पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाचा त्रास होतो. दुसरा धोका याहून कमी दिसणारा आहे. मधुमेहाची औषधे नेहमीच्या मात्रेत घेणारा वृद्ध रोज वीस-वीस किलोमीटर चालू लागला म्हणजे त्याच्या रक्तातली साखर एकाएकी खाली येऊ शकते, आणि घाम, थरथर, भोवळ ही तिची चिन्हे उन्हाच्या नावावर खपून जातात. अशा माणसाने निघण्यापूर्वी डॉक्टरांना गाठून मात्रा बदलून घ्यावी आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा. हे वाक्य दिंडीच्या भिशीच्या पावतीवर छापायला काय हरकत आहे?

नर्मदेच्या परिक्रमेत भार वाहण्याची तजवीज आणखी निराळी. १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीची दोन्ही तीरे चालायची, प्रवाह ओलांडायचा नाही, आणि बरोबर फार काही घ्यायचे नाही. मग पोट कसे भरते? गावोगावच्या सदावर्तांतून. परिक्रमावासीला कुठे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो आणि तो स्वतः टिक्कड भाजून घेतो, कुठे शिजलेले अन्न मिळते. म्हणजे इथे शिधा काठाने आधीच पसरून ठेवलेला आहे, आणि चालणाऱ्याच्या झोळीत एका मुक्कामापुरते असले तरी चालते. परंतु यातही एक उणीव आहे: महिनोन्महिने कणीक आणि तुरीची डाळ यांवर काढले तर उष्मांक पुरले तरी भाजी, फळ आणि दूध यांचा तोटा राहतो. आवळा, लिंबू, पेरू यांतले जे काही वाटेत मिळेल त्याचे मोल अशा पदयात्रीने घरच्यापेक्षा दसपट धरावे. स्कॉटला जे ठाऊक नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे.

एवढेच की असे सदावर्त सर्व देशांत नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन वाटेचा विस्तार जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात जातो, आणि त्या वाटेने जाणाऱ्यांनी हा प्रश्न डाकखात्याकडून सोडवून घेतला आहे: निघण्यापूर्वी शिध्याची पार्सले वाटेवरच्या गावांतल्या डाकघरांच्या पत्त्यावर रवाना करायची आणि चार-सहा दिवसांनी पोचून सोडवून घ्यायची. १९५५ साली ही वाट एकटीने एका दमात पार करणारी एमा गेटवुड त्या वेळी सदुसष्ट वर्षांची होती, अकरा मुलांची आई होती, आणि तिच्या खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी होती. तिच्या त्या पिशवीत सुकामेवा, शेंगदाणे, डब्यातले मांस, रश्श्याच्या वड्या असे हलके आणि दमदार जिन्नस असत. बाकीचे ती वाटेवरच्या गावांतून आणि घरांतून मिळवी. आहारशास्त्राची पदवी तिच्याकडे नव्हती, परंतु काय वाहायचे आणि काय वाटेवर सोडायचे, याचा तिचा निवाडा आजच्या पुष्कळ तज्ज्ञांपेक्षा पक्का होता.

आणि मग हिमालय. इथे मला थोडे कडवट लिहावे लागणार आहे. आपल्याकडची शेकडो तरुण मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत हिमालयातल्या पदभ्रमणांना जातात, आणि साडेतीन हजार मीटरांवरच्या छावणीत पनीरची भाजी, अंडी, गोड पदार्थ मिळाल्याचे कौतुकाने सांगतात. त्या उंचीवर भूक मंदावते, तेलकट अन्न नकोसे होते, आणि तेवढ्याच प्राणवायूत पिष्टापासून स्निग्धापेक्षा थोडी अधिक शक्ती मिळते. तेव्हा तिथे साधा भात, डाळ, रवा हेच रास्त. पाच हजार मीटरांवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ शिजायला कुकर लागतो, आणि तो कुकरही कोणीतरी वर आणलेला असतो. तो कोणीतरी म्हणजे तीस-तीस किलोंचे ओझे घेऊन आपल्याआधी पोचणारा हमाल किंवा खेचरवाला. त्याचे स्वतःचे जेवण काय, ते त्याला कोण देते, आणि आपल्या पनीरसाठी त्याला किती चढावे लागले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चार हजार उष्मांकांची गरज जर कोणाची खरी असेल तर ती त्याची आहे. आणि छावणीतल्या पंगतीत तो बहुधा सर्वांत शेवटी बसतो. ज्या ताटात भार वाहणाऱ्याच्या भुकेचा हिशेब धरलेला नाही त्या ताटाला मी संतुलित आहार म्हणायला तयार नाही, मग त्यातली जीवनसत्त्वे कितीही मोजून घातलेली असोत.

सह्याद्रीत आपली स्थिती पुष्कळ सुखाची आहे, आणि तिचा फायदा आपण घेत नाही हे दुर्दैव. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई घ्या, कळसूबाईखालचे बारी घ्या, राजमाचीची उधेवाडी घ्या. या गावांतून आज पिठलं, भाकरी, ठेचा, भात असे जेवण पैसे देऊन मिळते, आणि ते डोंगरातल्याच धान्याचे असले तर नाचणीचे असते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असते. कोणत्याही वेष्टनातल्या वडीला तेवढ्या पैशात ही बरोबरी साधत नाही. तरीही आमचा तरुण पुण्या-मुंबईहून तयार शेवयांची पाकिटे घेऊन येतो, ती गडावर शिजवतो आणि पाकिटे तिथेच टाकतो. मैदा, तेल आणि मीठ यांच्या त्या पाकिटाला मी विष म्हणत नाही. चढावर त्यातले पिष्ट आणि मीठ दोन्ही उपयोगी पडतात. माझी तक्रार वेगळी आहे. पायथ्याच्या घरातून मिळू शकणारे अन्न सोडून दीडशे किलोमीटरांवरून वाहून आणलेले अन्न खाणे, ही पोषणाच्या आणि व्यवहाराच्या अशा दोन्ही अंगांनी नादारी आहे.

तेव्हा पुढच्या मोसमात सूचनापत्रके लिहिणाऱ्या संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच की, काय आणावे याच्या यादीआधी त्यांनी माणशी दररोज किती ग्रॅम अन्न आणि ते कोणी वाहायचे, हे लिहावे. हमाल असेल तर त्याचा शिधा मोहिमेच्या खर्चात प्रथम धरावा. स्वतःच्या पाठीवर सगळे वाहणाऱ्याने कोरडे व स्निग्ध अन्न घ्यावे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, डिंकाचे लाडू, सातूचे पीठ, खजूर, आणि मिठाची पुडी. वाटेत वस्ती असेल तर त्यातले निम्मे घरी ठेवून पायथ्याच्या गावात जेवणाचे सांगून ठेवावे. दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायला घरधनिणीला वेळ लागतो. निरोप आदल्या दिवशी गेला पाहिजे.